माकडं पन्नास की पाच?

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात माकडांच्या कळपावरची दोन गणितं आहेत. त्यातलं एक असं: कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा, तेवढी माकडं गुहेत शिरली. एक माकड तेवढं फांदीवर बसलेलं दिसतं आहे. तर कळपात माकडं किती?

दहावीच्या मुलाला हे जड जाऊ नये. माकडांची संख्या क्ष मानली की (क्ष/५ − ३)² + १ = क्ष असं समीकरण मांडता येतं. कंस सोडवला, २५ ने गुणलं, सगळी पदं एका बाजूला आणली की उरतं क्ष² − ५५क्ष + २५० = ०. बेरीज ५५ आणि गुणाकार २५० अशा दोन संख्या शोधायला वेळ लागत नाही: ५० आणि ५. म्हणजे क्ष = ५० किंवा क्ष = ५. बहुतेक मुलं इथे खाली दोन रेघा ओढतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

आता ताळा करून बघू. पन्नासचा पाचवा भाग १०, त्यातून तीन गेले ७, सातचा वर्ग ४९, फांदीवरचं एक धरून ५०. जुळलं. पाचचा पाचवा भाग १, त्यातून तीन गेले उणे २, त्याचा वर्ग ४, फांदीवरचं एक धरून ५. हेही जुळलं! आकडेमोडीत कुठेही खोट नाही. तरी भास्कराचार्य म्हणतात, पन्नास घ्या, पाच घेऊ नका. एका माकडातून तीन माकडं वजा करता येत नाहीत. असल्या ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

गंमत अशी की दुसऱ्या गणितात ते असं काहीच म्हणत नाहीत. तिथे कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात उड्या मारतो आहे आणि बारा माकडं डोंगरावर आहेत. उत्तरं दोन येतात, ४८ आणि १६. अठ्ठेचाळीसचा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२. सोळाचा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२. दोन्ही कळप खरोखर असू शकतात, म्हणून दोन्ही उत्तरं मान्य. समीकरणाला माकडं ठाऊक नसतात. ती ठाऊक असतात गणित वाचणाऱ्याला, आणि शेवटचा शब्द त्याचाच.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे इ. स. १११४चा. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. त्यांचे नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारातले ज्योतिषी, यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख अभ्यासकांसमोर आणला. म्हणजे खानदेशात आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी विद्यार्थी या माकडांशी झटापट करत बसला असणार, आणि त्याच्याही गुरूने त्याला ‘दुसरं उत्तर का सोडलंस ते सांग’ असं विचारलं असणार, असं मानायला मला आवडतं.

शाब्दिक उदाहरणात मुलं अडतात कुठे? समीकरण हाती दिलं तर ते सोडवणारी मुलं भरपूर असतात. गोष्टीतून समीकरणाकडे जाताना आणि समीकरणातून गोष्टीकडे परतताना पाय घसरतो. दोन्ही वेळा घसरण्याचं कारण एकच असतं: नेमकं काय मोजायचं हे ठरलेलं नसतं.

जातानाचा प्रसिद्ध नमुना अमेरिकेतला आहे. १९८०च्या सुमारास जॉन क्लेमंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक ओळ दिली: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांच्या संख्येसाठी एक अक्षर, प्राध्यापकांच्या संख्येसाठी दुसरं अक्षर वापरून समीकरण लिहा, एवढंच काम. आपण ती अक्षरं वि आणि प्रा घेऊ. ३७ टक्के विद्यार्थ्यांनी चुकीचं समीकरण लिहिलं, आणि त्यातल्या बहुतेकांचं उत्तर एकच होतं: ६वि = प्रा. ही भावी इंजिनिअर मंडळी होती.

त्यांच्या डोक्यात चित्र बरोबर होतं. एकीकडे सहा विद्यार्थी, दुसरीकडे एक प्राध्यापक. पण त्यांनी वि हे अक्षर ‘विद्यार्थी’ या शब्दाचं आखूड रूप म्हणून वापरलं. बीजगणितात वि म्हणजे विद्यार्थी नव्हे, विद्यार्थ्यांची संख्या. दहा प्राध्यापक असतील तर साठ विद्यार्थी; ६ × ६० = १० होतं का? नाही. मग ६प्रा = वि. खरी संख्या घालून बघायला पाच सेकंद लागतात, पण ताळा हा उत्तर आल्यावरच करायचा असतो अशी सवय लागलेली असते. समीकरण मांडल्या मांडल्या, सोडवण्याआधी, त्याचा ताळा करायला आपल्याकडे क्वचितच कुणी शिकवतं.

या गोंधळाला आपले वर्गही हातभार लावतात. ३अ + २ब याची बेरीज का होत नाही? तर ‘तीन आंबे आणि दोन बोरं मिळून पाच काय होणार?’ हे स्पष्टीकरण सातवी-आठवीत सर्रास ऐकू येतं. त्या दिवसापुरतं ते चालतं. पण अ म्हणजे आंबा हे एकदा डोक्यात बसलं की ३अ × २ब म्हणजे काय, तीन आंबे गुणिले दोन बोरं? पोरगं गप्प बसतं आणि पाठ करतं. अ म्हणजे एका आंब्याची किंमत असं पहिल्या दिवसापासून सांगितलं असतं, तर तीन आंब्यांचे ३अ रुपये झाले असते आणि पुढचा घोळ टळला असता.

अंकांवरच्या उदाहरणांतही हेच होतं. दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ९ आहे, अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते. मूळ संख्या? दशकाचा अंक क्ष, एककाचा अंक य, इथपर्यंत सगळे येतात. मग काही मुलं संख्या क्षय अशी लिहितात, आणि तो गुणाकार होतो. क्ष हा फक्त अंक आहे. दशकाच्या घरात बसल्यावर त्याची किंमत १०क्ष होते. म्हणून संख्या १०क्ष + य, उलटी संख्या १०य + क्ष, फरक ९(य − क्ष) = २७, म्हणजे य − क्ष = ३. बेरीज ९ असल्याने संख्या ३६. तिला उलटवा, ६३, फरक २७.

गाईडमध्ये आणि शिकवणीत या उदाहरणांचे प्रकार पाडून दिलेले असतात: वयावरची, अंकांवरची, नाव आणि प्रवाहाची, काम आणि दिवसांची. त्याला मी नावं ठेवत नाही. परीक्षा तीन दिवसांवर आली असताना दुसरं काय करणार? पण प्रकार ओळखण्याच्या नादात वाक्य वाचायचं राहतं. ‘जास्त’ दिसलं की अधिक, ‘कमी’ दिसलं की वजा, ‘पट’ दिसलं की गुणिले, असा एक गुप्त करार मुलं शब्दांशी करून टाकतात. ‘सीमाकडे २० रुपये आहेत, ते रवीकडच्या रुपयांपेक्षा ५ ने जास्त आहेत, रवीकडे किती?’ या साध्या वाक्यावर तो करार मोडतो, आणि उत्तर २५ येतं.

फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या गणित-शिक्षण संशोधकांनी १९८०च्या आसपास दुसरी-तिसरीच्या ९७ मुलांना विचारलं: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ७६ मुलांनी आकडे वापरून वय काढून दिलं. ही मुलं बुद्दू होती असं मला वाटत नाही. गणिताच्या पुस्तकातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, आणि त्यात दिलेले सगळे आकडे वापरायचे असतात, हे ती शाळेतच शिकली होती.

परतीच्या वाटेवरचा नमुना त्याच काळातला, अमेरिकेच्या राष्ट्रीय मूल्यमापन चाचणीतला. तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिक न्यायचे आहेत, तर बस किती लागतील? भागाकार ३१, बाकी १२. सुमारे ७० टक्के मुलांचा भागाकार बरोबर होता. पण २९ टक्क्यांनी लिहिलं ‘३१ बाकी १२’, १८ टक्क्यांनी लिहिलं ३१, आणि ३२ हे उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिलं. बारा सैनिक रस्त्यावरच उभे राहिले. एस.टी.च्या थांब्यावर उभं राहिलेल्या कुठल्याही मुलाला बस अपूर्णांकात येत नाही हे माहीत असतं, पण वही उघडली की हे ज्ञान बाहेर ठेवायचं असतं असा त्याचा समज झालेला असतो.

भास्कराचार्यांनी ऋण माकडं नाकारली म्हणून ऋण उत्तर दिसलं की काट मारायची, असं मात्र नाही. हे उदाहरण घ्या. वडील आज ४० वर्षांचे, मुलगी १६ वर्षांची. किती वर्षांनी वडिलांचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट होईल? न वर्षांनी असं मानू. तेव्हा वडील ४० + न, मुलगी १६ + न. वडिलांचं त्या वेळचं वय आपण दोन तऱ्हांनी सांगू शकतो: एकदा ४० + न म्हणून, एकदा मुलीच्या वयाची तिप्पट म्हणून. एकाच गोष्टीची दोन वर्णनं बरोबरच्या चिन्हाच्या दोन बाजूंना ठेवायची. समीकरण मांडणं म्हणजे एवढंच, आणि अडलेल्या मुलाला ‘इथे कोणती गोष्ट दोनदा सांगितली आहे?’ हा एक प्रश्न विचारला तर अर्धं काम होतं. तर ४० + न = ३(१६ + न). सोडवलं की न = −४.

उणे चार वर्षांनी? चुकलं म्हणून खोडायच्या आधी गोष्टीत परत जा. उणे चार वर्षांनी म्हणजे चार वर्षांपूर्वी. तेव्हा वडील ३६, मुलगी १२. तिप्पट! प्रश्न विचारणाऱ्याने भविष्यकाळ वापरला, गणिताने तो दुरुस्त करून दिला. माकडांना उणे असता येत नाही, काळाला येतं. चिन्ह तेच, पण कोणत्या गोष्टीत ते चालतं आणि कोणत्या गोष्टीत नाही हे गोष्टच ठरवते.

हेच गणित क्ष-न शिवायही होतं, आणि मला तो मार्ग जास्त आवडतो. दोघांच्या वयातला फरक २४, तो जन्मभर २४च राहणार. वडील मुलीच्या तिप्पट असतील तेव्हा हा फरक मुलीच्या वयाच्या दुप्पट असणार. म्हणजे मुलगी १२ वर्षांची. ती तर आज १६ची आहे. म्हणून चार वर्षांपूर्वी. गोष्टीत काय बदलत नाही ते सापडलं की कागदही लागत नाही. परीक्षेत मात्र समीकरण लिहा, गुण त्याला असतात.

आता एक गणित असं, ज्याच्या वाटेने आपण संभाव्यतेत जाऊ. एक गाडी १२० किलोमीटर अंतर ताशी ४० किलोमीटरने जाते आणि तेवढंच अंतर ताशी ६० किलोमीटरने परत येते. सरासरी वेग? जीभ ५० म्हणून मोकळी होते. पण जायला तीन तास लागले, यायला दोन. २४० किलोमीटर पाच तासांत, म्हणजे ताशी ४८. चाळीस आणि साठ यांना समान वजन देता येत नाही, कारण गाडी चाळीसच्या वेगाने जास्त वेळ धावली. दोन संख्या दिसल्या म्हणून त्या समान वजनाच्या ठरत नाहीत.

याच खड्ड्यात अठराव्या शतकातला एक फार मोठा गणिती पडला. ज्याँ द’अलाँबेर हा दिदरोबरोबर फ्रेंच विश्वकोशाचा संपादक. १७५४ साली विश्वकोशातल्या नाणेफेकीवरच्या लेखात त्याने प्रश्न घेतला: नाणं दोनदा उडवायचं, किमान एकदा छापा येण्याची संभाव्यता किती? नेहमीचं उत्तर तीन चतुर्थांश. द’अलाँबेरला ते पटेना. पहिल्याच फेकीत छापा आला तर खेळ तिथेच संपला, दुसऱ्यांदा उडवायचं कशाला? म्हणजे निष्पत्ती तीनच: छापा, काटा मग छापा, काटा मग काटा. तीनांपैकी दोन आपल्या बाजूच्या, म्हणून संभाव्यता दोन तृतीयांश.

त्याची यादी चूक नाही. खेळ खरंच त्या तीन तऱ्हांनी संपतो. पण त्या तीन तऱ्हा समान शक्यतेच्या नाहीत. पहिल्या फेकीत छापा येणं अर्ध्या वेळा घडतं, उरलेल्या दोन तऱ्हा प्रत्येकी पाव वेळा. अर्धा अधिक पाव, तीन चतुर्थांश. दहावीच्या पुस्तकात नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निष्पत्तींची यादी, लिहिताना छाछा, छाका, काछा, काका असे चारही लिहायला लावतात, त्यातले दोन ‘एकच तर आहेत’ असं मुलं कुरकुरतात. त्या कुरकुरीचं उत्तर हे आहे: नमुना अवकाशातला प्रत्येक घटक इतर प्रत्येक घटकाइतकाच शक्य असला पाहिजे, नाहीतर भागाकाराला अर्थ उरत नाही.

गॅलिलिओपुढे असाच प्रश्न फासे खेळणाऱ्यांच्या अनुभवातून आला होता. तीन फासे टाकले तर बेरीज ९ सहा तऱ्हांनी येते: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. बेरीज १० सुद्धा सहाच तऱ्हांनी: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. मग अनुभवी खेळाडूंना दहा जास्त वेळा पडतात असं का वाटतं? गॅलिलिओने फासे वेगवेगळे धरून मोजलं. १-२-६ ही तऱ्हा फाशांच्या क्रमानुसार ६ वेळा घडू शकते, १-४-४ ही ३ वेळा, आणि ३-३-३ ही एकदाच. एकूण २१६ पैकी ९ येण्याच्या शक्यता २५, १० येण्याच्या २७. फरक २१६ मध्ये २ चा, म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही! पुस्तकाशिवाय, निव्वळ फासे टाकून टाकून हा फरक ज्यांच्या ध्यानात आला, त्या जुगाऱ्यांच्या चिकाटीला नमस्कार. पैसे लावलेले असले की माणूस बारकाईने मोजतो.

शक्यता मोजण्याची कला आपल्याकडे जुनी. सहा रसांपैकी एक, दोन, तीन असे सहापर्यंत निवडून किती पदार्थ होतील याचं गणित भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’त आहे, उत्तर ६३. पण मोजलेल्या शक्यतांना एकूण शक्यतांनी भागून संभाव्यता काढण्याचं शास्त्र उभं राहिलं ते फ्रान्समध्ये, १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांच्यात झालेल्या पत्रव्यवहारातून, आणि त्यालाही निमित्त जुगाराचंच.

त्या काळचा एक पेच आजच्या मुलांनाही चकवतो. एक फासा चार वेळा टाकला तर किमान एकदा सहा पडण्याची संभाव्यता किती? एका फेकीत १/६, चार फेकींत ४/६, असं उत्तर पटकन येतं. त्याचा ताळा सोपा आहे: हाच हिशोब सहा फेकींना लावा. ६/६, म्हणजे सहा पडणार याची खात्री! ल्यूडो खेळताना सोंगटी घरातून बाहेर काढण्यासाठी सहाची वाट पाहत बसलेल्या कुणालाही विचारा. चूक अशी की दोनदा सहा पडले त्या खेळी या हिशोबात दोनदा मोजल्या जातात. म्हणून ‘किमान एकदा’ असं दिसलं की उलट बाजू मोजायची: एकदाही सहा न पडण्याची. ती ५/६ चा चतुर्घात, म्हणजे ६२५/१२९६. उरलेली ६७१/१२९६, शेकडा ५२ च्या आत. पैज लावणाऱ्याला किंचित फायद्याची.

शेवटी असं एक उदाहरण, ज्यात चूक सोडवणाऱ्याची नसते. मार्टिन गार्डनर यांनी १९५९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात एक प्रश्न दिला. आपण मुलींच्या बाजूने मांडू: एका कुटुंबात दोन अपत्यं आहेत, त्यातली किमान एक मुलगी आहे. दोन्ही मुली असण्याची संभाव्यता किती? (मुलगा किंवा मुलगी होणं समान शक्यतेचं मानायचं.) त्यांनी दिलेलं उत्तर एक तृतीयांश. पुढे त्यांनीच मान्य केलं, की ‘किमान एक मुलगी आहे’ ही माहिती कशी मिळाली हे सांगितल्याशिवाय प्रश्न अपुरा आहे.

दोन अपत्यांची शंभर कुटुंबं घ्या. सरासरीने २५ घरी दोन्ही मुली, २५ घरी दोन्ही मुलगे, ५० घरी एक मुलगा आणि एक मुलगी. आता दारोदार जाऊन विचारा, ‘तुम्हाला मुलगी आहे का?’ ७५ घरं हो म्हणतील, त्यातल्या २५ घरी दोघी. एक तृतीयांश. तेच शाळेच्या मैदानावर जा, या शंभर कुटुंबांतली कुठलीही एक मुलगी गाठा आणि विचारा, ‘तुला बहीण आहे का?’ मुली एकूण १००: दोन मुलींच्या घरांतल्या ५०, उरलेल्या घरांतल्या ५०. बहीण असलेल्या ५०, म्हणजे निम्म्या. कुटुंबं तीच, पण पहिल्या वेळी आपण घरं मोजली आणि दुसऱ्या वेळी मुली. दोन मुलींच्या घरातून मैदानावर दोघी येतात, म्हणून तिथे त्या घराचं वजन दुप्पट होतं.

आता याच शंभर घरांत तिसऱ्या तऱ्हेने विचारा: ‘तुमचं थोरलं अपत्य मुलगी आहे का?’ किती घरं हो म्हणतील, त्यातल्या किती घरी दोघी असतील, आणि उत्तर वरच्या दोघांपैकी कुणाशी जुळेल, हे पान उलटण्याआधी मांडून बघा.